नाताळाला हाताने विणून द्यायचंय? दर वर्षी मला विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

गणपती गेले की मेसेज सुरू होतात ते डिसेंबरपर्यंत थांबत नाहीत, लोकर कुठली आणू, मोज्याला टाके किती, सासूबाईंना आवडेल का, आणि वीस तारखेला एक तरी जण असतोच ज्याला चार दिवसांत पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा असतो. मी कलिन्याला घरीच विणकाम शिकवते, आमचं घर कॅथलिक, शिकायला येणाऱ्यांत सगळ्या प्रकारच्या बायका आणि अधूनमधून एखादा रिटायर्ड काका. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मुंबईत नाताळाला थंडीच नसते, विणलेलं घालणार कोण?

खरा प्रश्न हाच आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात, लोकर घेऊन झाल्यावर. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी तीस-बत्तीस डिग्री असतं, पहाटे अठरा-एकोणीस झालं की पेपरात फोटो येतो. सांताक्रूझची आजवरची सगळ्यात कमी नोंद ७.४ डिग्री, तीसुद्धा २२ जानेवारी १९६२ ची. त्यामुळे माझं पहिलं सांगणं असं की ज्याला द्यायचंय तो मुंबईत राहत असेल तर स्वेटर डोक्यातून काढून टाका. नाशिकला असेल, लंडन-टोरंटोला असेल तर जरूर करा, नाहीतर तो लॉफ्टवरच्या बॅगेत जाणार आणि दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तुमची आठवण काढून परत बॅगेत जाणार.

इथे खरंच वापरलं जातं ते वेगळंच. ऑफिसच्या एसीत खांद्यावर घ्यायला पातळ सुती शाल, तिला तर बारा महिने मागणी आहे. रात्रीच्या एसी बससाठी मोजे. सकाळी वॉकला जाणाऱ्या काकांची कानटोपी, काका लोक वीस डिग्रीलाही कानटोपी घालतात, आपल्याला बरंच आहे ते. चोवीस तारखेचा रात्रीचा मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, बऱ्याच चर्चमध्ये बाहेर मैदानात खुर्च्या मांडून असतो, दव पडतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना डोक्यावरून घ्यायला काहीतरी लागतंच. शिवाय झाडावर टांगायच्या वस्तू, ताटावर झाकायचे रुमाल, बाळाचं टोपडं. एवढं पुरेसं आहे की.

सुरुवात कधी करायची?

ऑगस्टमध्ये. हसू नका. बाहेर पाऊस असतो, घरातून निघवत नाही, तेच दिवस विणायचे. पण ऑगस्टमध्ये नाताळ कोणाच्या डोक्यात नसतो हे मलाही माहितीये, म्हणून निदान नवरात्रात टाके घाला आणि दिवाळीचे पंधरा दिवस हिशेबातच धरू नका, फराळ आणि पाहुण्यांत सुई हातात येत नाही.

आमच्या घरी आईचा नियम होता की आगमनकाळ लागायच्या आत विणकाम संपलं पाहिजे. आगमनकाळ म्हणजे नाताळाच्या आधीचे चार रविवार, त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो. नियमाचं कारण धार्मिक अजिबात नव्हतं, पहिल्या रविवारनंतर कुसवार म्हणजे नाताळचा फराळ सुरू होतो, नेवऱ्या, कलकल, मिल्क क्रीम, आणि संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसून काट्याच्या मागच्या बाजूवर किंवा नव्या कंगव्यावर कलकल वळत असतात, त्या तुपाच्या हातांनी पांढऱ्या लोकरीला कोण शिवणार.

अंदाज द्यायचा तर सवय असलेल्या हाताला साधी टोपी दोन-तीन संध्याकाळी, बाळाच्या मोज्यांची जोडी दोन, मफलर रोज तासभर बसलात तर दोन-तीन आठवडे, शाल दोन महिने धराच. नवशिक्यांनी सगळं दुप्पट धरा. परदेशी पाठवायचं असेल तर पार्सल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निघालेलं बरं, डिसेंबरात पोस्टाला पण गर्दी आणि तिकडच्या कस्टमला पण.

लोकर कुठली घेऊ? दुकानदार म्हणतो सगळी लोकरच आहे.

तो काय म्हणणार दुसरं. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं, लुधियानाहून येतं, वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. त्यात वाईट काही नाही, रंग छान मिळतात, मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, स्वस्त पडतं. पण घाम शोषत नाही. म्हणून मुंबईत अंगाला लागणारी वस्तू असेल तर सरळ सुती धागा घ्या, आणि अ‍ॅक्रिलिक ठेवा झाडावरच्या वस्तू, खेळणी, नाताळचे टांगायचे मोजे यांना. खरी मेंढीची लोकर बाहेरगावच्या माणसासाठीच आणा, आणि ती टोचते का ते गळ्याला लावून बघा, हाताला कळत नाही.

खरं काय आहे ते बघायचं तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघा (मुलं आसपास नसताना). खरी लोकर जळलेल्या केसांसारखी वासते आणि राख बोटात चुरा होते. सुती कागदासारखं जळतं. अ‍ॅक्रिलिक वितळून टोकाला कडक काळा मणी होतो.

आणि लॉट नंबर! गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराशेजारी अजून एक नंबर असतो, तो रंगाच्या एका घाण्याचा. दोन गुंड्यांवर रंगाचा नंबर सारखा आणि लॉट वेगळा असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, घरी उन्हात धरलं की मफलरच्या मधोमध पट्टा दिसतो. म्हणून सगळी लोकर एकदम घ्या, एखादा गुंडा जास्तच घ्या. टोपीला साधारण ५० ते ८० ग्रॅम, मोठ्या माणसाच्या मफलरला १५० ते २००, बाळाच्या मोज्यांना २० ग्रॅममध्ये भागतं.

मुंबईत घ्यायला कुठे जायचं?

दादर वेस्ट, भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. दादरला निवांत बघू देतात, भुलेश्वरला मणी, लेस, बटणं एकाच फेरीत होतात, क्रॉफर्ड मार्केटला नाताळचं सजावटीचं सामान पण असतं म्हणून तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी जा, डिसेंबरच्या रविवारी नको. बांद्र्याच्या हिल रोडला नाताळच्या दिवसांत चांदण्या, घंटा, गव्हाणीचे म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचे पुतळे सगळं लागलेलं असतं, तिथे लोकरीसाठी नाही, आयडिया घ्यायला जायचं. ऑनलाइन रंग स्क्रीनवर वेगळा दिसतो, लाल तर हमखास फसवतो.

सुईचा नंबर कुठला? व्हिडिओत ८ सांगितलं, माझ्याकडे ८ आहे, तरी टोपी लहानच झाली.

व्हिडिओ अमेरिकन होता का? आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि ते उलटे आहेत, नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा. क्रोशातही तीच गंमत, आपला मुका खांब हा टाका अमेरिकन पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल, तेव्हा पॅटर्न कुठल्या देशाचा ते आधी बघून घ्या.

आणि नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय काहीही सुरू करू नका. मला माहितीये कंटाळा येतो. पण तळहाताएवढा तुकडा विणा, मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा, मग सगळं गणित त्याच्यावर. समजा २२ टाके बसले आणि तुम्हाला ३६ सेंटिमीटर घेर हवाय, तर ३६ गुणिले २.२ म्हणजे ७९ आणि थोडं, तुम्ही ८० घाला. झालं, पॅटर्नची गरजच नाही.

मला काहीच येत नाही, या नाताळाला काही जमेल का?

जमेल, पण मफलर नको, तो अर्ध्यात सोडला जातो. झाडावर टांगायचं छोटं झाड करा, हे मी प्रत्येक नवशिक्याला पहिलं देते. हिरवी मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरच्या सुया. २१ टाके घाला. सगळ्या ओळी सुलट, उलट टाका लागतच नाही. दोन ओळी साध्या विणा, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला दोनाचा एक करा, परत दोन साध्या, परत तिसरीला दोनाचा एक. तिसरी ओळ आलटून पालटून एकदा या कडेला येते एकदा त्या कडेला, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या निमुळत्या होतात. शेवटी एकच टाका उरतो. त्यातून लोकर आरपार ओढा, वीतभर शेपूट ठेवून कापा, त्या शेपटीचाच फास करून झाड टांगायचं. खाली तपकिरी लोकरीचे चार टाके घालून बुंधा, आणि घरात तुटलेल्या माळांचे मणी असतातच, ते शिवून टाका.

दोन संध्याकाळींत होतं. पहिलं वाकडं होतं, ते स्वतःच्या झाडावर मागच्या बाजूला लावा, दुसऱ्यापासून गिफ्ट द्या.

सुया बऱ्या की क्रोशा?

वस्तूवर आहे. ताणलं जायला हवं, अंगावर बसायला हवं, तिथे सुया, म्हणजे टोपी, मोजे, स्वेटर. आकार धरून उभं राहायला हवं तिथे क्रोशा, म्हणजे चांदणी, घंटा, बाहुल्या, रुमाल, तोरण. क्रोशात एका वेळी सुईवर एकच टाका असतो त्यामुळे सुटला तरी सगळं उसवत नाही, लोकलमध्ये करायला तेच बरं.

लोकलमध्ये विणता येतं का?

लेडीज डब्यात मटार सोलतात, भाजी निवडतात, विणायला काय झालं. फक्त लांब सरळ सुयांचं मागचं टोक शेजारणीच्या कोपराला लागतं आणि अंधेरीच्या गर्दीत ते कोणाच्या डोळ्यात जाऊ शकतं, म्हणून गोल सुई वापरा, दोन टोकं वायरने जोडलेली असतात ती, पडली तरी सीटखाली जात नाही. आणि जागा मिळाली असेल तरच. उभ्याने विणणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांना नमस्कार, पण सल्ला देणार नाही.

नाताळचे टांगायचे मोजे कशासाठी असतात, आणि आपल्याकडे चिमणी नाही तर टांगायचे कुठे?

गोष्ट संत निकोलसची आहे, चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप, आता ते गाव तुर्कीत येतं. एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, तर यांनी रात्री गुपचूप सोनं आत टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं असं सांगतात. ६ डिसेंबरला त्यांचा सण असतो. हुंड्याची गोष्ट आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही हेही खरंच.

टांगायला खिडकीची ग्रिल, शोकेसची मूठ, बंक बेडचा दांडा, काहीही. पण मोजा विणताना वरची पट्टी एक सुलट एक उलट अशी चांगली चार बोटं विणा आणि टांगायचा फास पट्टीच्या आतून दोनदा शिवून घ्या, कारण मुलं त्यात संत्रं घालतात आणि मोजा ताणून गुडघ्याएवढा होतो. टाच वळवायची भीती वाटत असेल तर सरळ नळी विणा, तळाशी टाके आवळून बंद करा, पायाचा आकार नसला तरी पोरांना काही फरक पडत नाही, त्यांचं लक्ष आत काय आहे त्याच्याकडे. नाव मात्र घाला. दोन भावंडांत बिननावाचे मोजे म्हणजे पंचवीस तारखेच्या सकाळी भांडण.

विणलेली गव्हाणी कशी करायची? सगळे पुतळे एका वर्षात होतील का?

नाही होणार आणि करूही नका, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. गव्हाणी मांडायची पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसपासून धरतात, १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात त्यांनी खरा बैल आणि गाढव आणून गव्हाण उभी केली होती. म्हणजे तिथेही सुरुवात प्राण्यांपासूनच, पुतळ्यांची सगळी फौज नंतरची. तुम्हीही वर्षाला दोन-तीन करा. पहिल्या वर्षी मारिया, योसेफ आणि बाळ येशू, मग बैल-गाढव, मग मेंढपाळ, तीन राजे सगळ्यात शेवटी कारण त्यांचे मुकुट आणि पेट्या यांत जीव जातो. घरात नवीन सून आली किंवा बाळ झालं की त्या वर्षी एक मेंढी वाढवायची, अशी काही घरांत रीत आहे आणि मग कळप कधी संपतच नाही. मेंढी मुलांना करू द्या, पांढरी गुठळी आणि चार काळे पाय, वाकडी झाली तरी मेंढीच दिसते.

बनवायला सोपं. अंग म्हणजे एक चौकोनी तुकडा, गुंडाळून नळी शिवायची, आत कापूस, तळाला पुठ्ठ्याची चकती घाला म्हणजे उभं राहतं. चकतीवर एक रुपयाचं नाणं चिकटवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने योसेफ पडतो. डोकं वेगळं नका करू, त्याच नळीला वरून चार बोटांवर धागा बांधून आवळायचं. चेहरा अजिबात काढू नका, दोन ठिपकेसुद्धा नकोत, चेहरा काढला की सगळे चिडलेले दिसतात.

बाळ येशू सुटा करा आणि लपवून ठेवा. गव्हाणीत तो चोवीसच्या रात्रीच ठेवायचा असतो, तोपर्यंत ती जागा रिकामी. आमच्याकडे ते काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं, आणि बाळ कुठे ठेवलंय हे ऐन वेळी कोणालाच आठवत नाही ही पण परंपराच समजा. मसाल्याच्या कपाटात मिळतं बहुतेक.

एक काळजी घ्या. गव्हाणीभोवती हिरवळ हवी म्हणून बरेच जण ताटलीत नाचणी किंवा गहू पेरतात. ती ताटली रोज पाणी मागते आणि ते पाणी पुतळ्यांच्या तळाच्या पुठ्ठ्याला लागलं की आठवड्यात बुरशी. पुठ्ठ्याच्या जागी जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण कापून घाला, प्रश्न मिटला.

डिझाइन कुठून घ्यायचं?

रांगोळीच्या वहीतून. खरंच सांगते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे तयार आलेखच आहे, एक ठिपका एक टाका. नॉर्वेच्या सेल्बू भागात १८५७ मध्ये एका तरुण मुलीने दोन रंगांत आठ पाकळ्यांचा तारा असलेले हातमोजे विणले, तो तारा पुढे तिकडच्या विणकामाची ओळख झाला आणि आता जगभर नाताळच्या स्वेटरवर असतो, तर तसे तारे आपल्या आज्यांच्या वह्यांत डझनाने पडलेत. अडचण एकच, सुलट विणीत टाका रुंद असतो आणि उंचीला कमी, त्यामुळे रांगोळीतला गोल तारा विणल्यावर चपटा दिसतो. मधल्या एक-दोन ओळी दोनदा विणा म्हणजे बरोबर होतो. मागून जाणारा दुसऱ्या रंगाचा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब मोकळा सोडू नका, बाळाची बोटं अडकतात.

बाळासाठी विणताना काय बघायचं?

सुती धागा, केसाळ लोकर नको, केस तोंडात जातात. गळ्याला रिबीन आणि लांब गोंडे नकोत. बटणं लावायचीच तर मजबूत शिवा आणि ओढून बघा, नाहीतर गाठ मारायच्या छोट्या पट्ट्या चालतात. टोपडं बाहेर जाताना घाला, घरात झोपवताना काढा, बाळांची उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते आणि मुंबईत तर आधीच गरम. ही गोष्ट आज्यांना पटत नाही. डॉक्टरांकडून वदवून घ्या.

कुसवारच्या ताटावर विणलेला रुमाल देतात तो कसा करतात, आणि परत मागायचा का?

क्रोशाचा गोल जाळीचा रुमाल, कडेला जड मणी म्हणजे वाऱ्याने उडत नाही. ताटापेक्षा चार बोटं मोठा. पूर्वी पाण्याच्या तांब्यावरही असाच असायचा. साखळीचा वेढा, त्यात बारा खांब, पुढच्या वेढ्याला प्रत्येक खांबावर दोन, मग जाळी, एवढं आलं की झालं. मणी आधीच धाग्यात ओवून घ्या, नंतर एकेक शिवत बसू नका.

परत मागायचा नाही. शेजाऱ्यांकडून ताट रिकामं येत नाही हा आपल्याकडचा नियम सगळ्या धर्मांना लागू आहे, दिवाळीला आपल्याकडे करंज्या आलेल्या असतात, नाताळाला आपण नेवऱ्या पाठवतो, ताटं फिरत राहतात. रुमाल मात्र तिथेच राहतो, आणि माझ्या मते तेच खरं गिफ्ट, गोड तर दोन दिवसांत संपतं. आमच्या मजल्यावर एका काकूंकडे असे रुमाल इतके जमलेत की त्यांनी ते जोडून देवघरासमोरचा पडदा केलाय.

आम्ही ख्रिश्चन नाही, विणून दिलं तर विचित्र वाटेल का?

छे. फक्त क्रूस, देवदूत वगैरे कोणाला द्यायचं ते बघून द्या, चांदणी, झाड, घंटा सगळ्यांना चालते.

मैत्रीण म्हणते मलाही करून दे, लोकरीचे पैसे देईन. काय करू?

लोकरीचे पैसे म्हणजे शालीच्या किमतीचा दहावा हिस्सा पण नाही. मी सरळ सांगते, गिफ्ट मी ठरवते कोणाला द्यायचं, मागितलं तर ऑर्डर. ऑर्डर असेल तर तासांचा हिशेब करा, तुमच्या भागात घरकामाला तासाला जे देतात त्याच्यापेक्षा कमी तर नकोच, अधिक लोकर, आणि अर्धे पैसे आधी. ऐकून निम्म्या जणी गप्प होतात. दुसऱ्या निम्म्या चांगलं गिऱ्हाईक असतात.

हाताचं म्हणून मशीनचं विकतात, ओळखायचं कसं?

क्रोशा असेल तर तो हाताचाच, खऱ्या क्रोशाचं मशीन अजून निघालेलं नाही, फार तर नक्कल असते. सुयांचं विणकाम मशीनवर होतं, मग आतल्या शिवणी बघा. मशीनचं कापून ओव्हरलॉक केलेलं असतं, हाताच्या कामात कडा अख्ख्या असतात आणि धाग्यांची टोकं आत ओवलेली सापडतात. फार स्वस्तात क्रोशा मिळत असेल तर कोणाला तरी फार कमी मजुरी मिळाली आहे एवढं समजा.

आजीचा जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचं काही करता येईल का?

येतं, आणि पूर्वी सगळे तेच करायचे, मोठ्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा. आधी शिवणी बघा. हाताचा असेल तर शिवणीचा धागा कापून भाग सुटे करा, गळ्याकडून म्हणजे जिथे टाके बंद केलेत तिथून उसवायला घ्या, एक जण ओढेल आणि दुसरा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळेल. लोकर मॅगीसारखी वळ्यावळ्यांची निघते, घाबरू नका. लडीला चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका, मग हँगरला अडकवून खाली वाटीभर वजन बांधून सावलीत वाळवा. सरळ होते. काही ठिकाणी झिजून तुटेल, तेवढी लोकर कमी धरा. म्हणून त्यातून परत स्वेटर होत नाही पण नातवंडांना एकेक टोपी नक्की होते, आणि त्या टोपीबद्दल घरात जेवढं बोललं जातं तेवढं नव्या लोकरीच्या कशाबद्दलच नाही.

स्वेटर सुयांवर अर्धवटच राहिला असेल तर सुया काढू नका, टाके आधी जाड दोऱ्यावर ओवून घ्या. तोच रंग शोधत दुकानं फिरू नका, मिळणार नाही. दुसऱ्या रंगाने पुढे विणा, जोड दिसू दे.

ते विनोदी ख्रिसमस स्वेटर विणायचे का?

तुमचा वेळ. मुद्दाम भडक स्वेटर घालून पार्टी करायचं फॅड कॅनडात व्हँकुव्हरला २००२ च्या सुमारास सुरू झालं. आपल्या ऑफिस पार्टीला टी-शर्टवर क्रोशाचं रेनडियर शिवा, घामही येणार नाही आणि जानेवारीत उसवून टाकता येईल.

पावसाळ्यात ठेवायचं कसं?

मुंबईत थंडीपेक्षा हाच मोठा विषय. धुवून पूर्ण वाळवा, आडवं पसरून, दांडीवर टांगलं की खाली ओघळतं. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात फिरवू नका, एकदा चपटं झालं की परत फुगत नाही. खऱ्या लोकरीला कसर लागते, तिच्यासोबत सुकलेला कडुलिंब किंवा डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा, बाळाच्या कपड्यांत मात्र डांबर नको. अ‍ॅक्रिलिक आणि सुतीला कसर नाही पण दमटपणाने वास आणि बुरशी येते, बुटांच्या डब्यातल्या सिलिकाच्या पुड्या जपून ठेवत जा. गणपतीआधी एकदा सगळं बाहेर काढून ऊन दाखवा, ऊन मिळालं तर.

वेळेत झालंच नाही तर?

आइसलँडमध्ये एक भलंमोठं मांजर आहे म्हणे, नाताळाआधी ज्याला नवा कपडा मिळाला नाही त्याला ते खातं, लोकरीची कामं लोकांनी वेळेत संपवावीत म्हणून ही गोष्ट सांगत असावेत. आपल्याकडे मांजर नाही. आणि नाताळचा काळ पंचवीसला संपत नाही, तीन राजांचा सण ६ जानेवारीला किंवा त्याच्या जवळच्या रविवारी येतो, राजेसुद्धा भेटी घेऊन उशिराच पोचले. तोपर्यंत दिलं तर कोणी काही बोलत नाही. नाहीतर सुयांसकट, गुंड्यासकट डब्यात घालून द्या, "माप घ्यायचं राहिलंय" म्हणा. एका टोपीच्या जागी दोन हातमोजे करायचे ठरले आणि एकच झाला, तर एकच देऊ नका एवढीच विनंती.

दिलेलं कधी घातलंच नाही त्यांनी, विचारू का?

नका विचारू. पुढच्या वर्षी ताटाचा रुमाल द्या.

उरलेल्या लोकरीचं दान करायचं असेल तर?

आधी फोन करून विचारा काय हवंय, हे सगळ्यात महत्त्वाचं. वृद्धाश्रमात मशीनमध्ये धुता येईल असंच लागतं. किमोथेरपीच्या पेशंटना मऊ सुती टोप्या उपयोगी पडतात, केस गेलेल्या डोक्याला शिवण आणि लोकर दोन्ही टोचतं, म्हणून गोल विणीची, बिनशिवणीची, आणि नवीन धाग्याची करा, उरलेल्या तुकड्यांची नको. तुकड्यांच्या मेंढ्या करा.

३१ तारखेच्या ओल्ड मॅनला जुना फाटका स्वेटर घातला तर चालेल ना?

हा प्रश्न बिल्डिंगच्या पोरांचा, दर वर्षी येतो. ओल्ड मॅन म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, ३१ च्या रात्री जाळतात तो. नाही चालणार. तो स्वेटर बहुतेक अ‍ॅक्रिलिकचा असतो, जळताना वितळून थेंब गळतात, चटका बसला तर कातडीला चिकटतो आणि धूर विषारी असतो. जुना सुती शर्ट, आत सुकं गवत आणि वर्तमानपत्रं, एवढ्यावर म्हातारा मस्त जळतो. गळ्यात मफलर हवाच असेल तर सुती ओढणी बांधा, आणि वाळूची बादली जवळ ठेवा.